कायमचा अनुमोदक

आमच्या घरापुढच्या टीचभर बागेत एकाच आठवड्यात दोन विरोधी पक्षांच्या उमेदवारांचे बोर्ड उभे राहिले. दोन्ही मीच लावू दिले होते.

मिल्टन कीन्सला आमच्या एस्टेटमध्ये, म्हणजे वसाहतीत, तेव्हा कौन्सिलच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक लागली होती. आधीचे कौन्सिलर नोकरी बदलून दुसऱ्या गावाला गेले म्हणून. या देशात निवडणूक आली तरी भोंगे लागत नाहीत की मिरवणुका निघत नाहीत. लोक खिडकीत आपल्या उमेदवाराचं पोस्टर चिकटवतात, नाहीतर बागेत खुंटावर बोर्ड ठोकतात. तेवढ्यावरून गल्लीला कळतं, हे घर कुणाच्या बाजूचं. आमचं घर एक दिवस सगळ्यांच्याच बाजूचं होतं.

पहिला बोर्ड शनिवारी लागला. तो बायकोनं पाहिला आणि "बरं" म्हणाली. दुसरा बुधवारी. ऑफिसातून आल्यावर तिनं गाडी दारात न लावता रस्त्यावरच थांबवली, काच खाली केली आणि विचारलं, "एक बोर्ड आपला. दुसरा कुणाचा? भाडेकरू ठेवलायस?"

"अगं, दोघंही बिचारे पावसात आले होते."

"उद्या तिसरा पावसात आला तर काय, माझे गुलाब उपटणार आहेस?"

ग्लासगोला शिकणाऱ्या आमच्या मुलीपर्यंत फोटो पोचायला पाच मिनिटं लागली. तिचा फोन आला. "बाबा, तू दोन बोर्ड लावला? यू कान्ट डू दॅट! लोक हसणार तुला." मराठी तिचं असंच, पण म्हणणं बरोबर. बायकोनं त्याच संध्याकाळी दोन्ही बोर्ड उपटले आणि गॅरेजमध्ये एकमेकांकडे पाठ करून ठेवले.

ही गोष्ट मी पुढे चार घरांत साभिनय सांगितली. लोक हसले, मीही हसलो. पण ती मी नेहमी गॅरेजपाशीच संपवायचो. त्यापुढचं कुणालाच सांगत नव्हतो.

मला नाही म्हणता येत नाही. दोष जुना आहे. आई म्हणायची, "भीड भिकेची बहीण. तुझ्याकडे दोघी एकत्र नांदतात." दारात कुणी आलं आणि गोड तोंडानं काही मागितलं की माझी मान आपोआप हलते. आमच्या माळ्यावरचं इन्सुलेशन मी दोन वेळा करून घेतलंय. सबंध एस्टेटमध्ये सर्वांत उबदार माळा आमचा असावा. त्यात राहत कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

या दोषाला मान मिळाला तो एकाच ठिकाणी, आमच्या मराठी मंडळात. वार्षिक सभेत कुणीतरी उठून म्हणतं, "अध्यक्षपदासाठी मी अमक्यांचं नाव सुचवतो." मग शांतता पसरते. आपल्या माणसांना सुचवायला आवडतं. दुसऱ्यानं सुचवलेल्याला दुजोरा द्यायचा म्हटलं की जीभ जड होते. त्या शांततेत मागच्या रांगेतून माझा आवाज येतो, "माझं अनुमोदन आहे." वीस वर्षं हे चाललंय. बटाटेवड्यांच्या ऑर्डरपासून घटनादुरुस्तीपर्यंत सगळ्याला माझं अनुमोदन असतं. एकदा मी गाडीतून चष्मा आणायला बाहेर गेलो होतो, तर मी परत येईपर्यंत ठराव ताटकळत राहिला होता.

एका वर्षी अध्यक्षपदासाठी दोन नावं आली. मी दोघांनाही अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या, मी वाकून नमस्कार केला. त्या दोन नावांतलं एक ताईंचं होतं.

ताई माझ्या नात्यातल्या नव्हेत. सगळं मंडळच त्यांना ताई म्हणतं. त्या इथल्या हॉस्पिटलात मिडवाइफ होत्या. माझ्या मुलीला या जगात पहिल्यांदा हातात घेतलं ते त्यांनी. टॉवेलात गुंडाळून माझ्यापुढे धरत म्हणाल्या होत्या, "नाक तुझ्यावर गेलंय. पण घाबरू नकोस, वयाबरोबर सुधारतं." पुढे माझी आई सहा महिन्यांसाठी आली आणि जिन्यावरून पडली, तेव्हा तिला आठवड्यातून दोनदा फिजिओकडे ताईच घेऊन जायच्या. आम्ही दोघं ऑफिसात. या दोघी आमच्या एस्टेटमधून थेट हॉस्पिटलला जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून मुलांच्या तक्रारी करत जायच्या. आई सहा महिन्यांत इंग्रजी एकच वाक्य शिकली, ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणायचं.

तर मंडळाच्या त्या वर्षी दुसरं नाव एका मोठ्या धंदेवाल्या गृहस्थांचं होतं. कमिटीतले म्हणाले, मतदान नको, मंडळात फूट पडते. कुणीतरी ताईंना समजवा. कुणीतरी म्हणजे कोण, ज्याला नाही म्हणता येत नाही तो. मी गेलो. ताईंनी ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तू म्हणतोस तर राहू दे." मंडळाची एकी टिकली. ताई चहा करायला आत गेल्या त्या बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, एवढं मला आठवतंय.

आता पोटनिवडणुकीकडे येतो.

पहिला बोर्ड घेऊन आला तो उमेदवार स्वतः होता. शनिवारची दुपार, बायको लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर महिन्याचं सामान भरायला गेलेली. दारात उंच, तरुण, भिजलेला गोरा माणूस. मी "आत या" म्हटलं आणि त्यानं न सांगता बूट काढले. तिथेच मी विरघळलो. पंचवीस वर्षं या देशात राहतोय, बूट काढा हे सांगताना दर वेळी मला घाम फुटतो. याच्या पायमोज्याला अंगठ्याशी भोक होतं तरी यानं काढले! त्याला चहा दिला, चकली दिली. त्यानं तिला तीन वेळा छान म्हटलं. बोर्ड लावू का, विचारलं. लावा. मग त्यानं बॅगेतून एक फॉर्म काढला. उमेदवारी अर्ज. खाली दोन जागा, सूचकाची आणि अनुमोदकाची. सूचकाची सही झालेली होती.

"तुम्ही दुसऱ्या कुणाच्या अर्जावर सही केलेली नाही ना?" त्यानं विचारलं. "एकच जागा आहे, त्यामुळे एका मतदाराला एकाच अर्जावर सही करता येते."

"छे छे," मी म्हणालो.

आणि अनुमोदकाच्या जागेवर मी अशी झोकात सही केली, की तशी घराच्या कर्जाच्या कागदांवरही केली नसेल. मनात काय आलं सांगू? या देशात कामापुरतं मला सगळे ओळखतात, पण मला जे खरोखर येतं ते आज पहिल्यांदा कुणी मागितलं. तो त्याच सोमवारी अर्ज दाखल करणार होता.

बायकोला बोर्ड दिसला. सहीचं मी बोललो नाही. लपवायचं असं नव्हतं. दुसऱ्या बोर्डावरून इतकं हसं झालं की त्यात सहीची भर कशाला, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. मुदत दुपारी चारपर्यंत. अर्थात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी घरून काम करत होतो, बायकोही. ती वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, मी खाली डायनिंग टेबलावर. दोन वाजता बेल वाजली. दारात ताई, हातात प्लास्टिकची फाइल, मागे टॅक्सी वळून चाललेली.

त्यांची नजर अधू झाली होती. समोरचं मधोमध दिसेनासं होतं, कडेकडेचं दिसतं, तसला डोळ्यांचा आजार. गाडी चालवणं त्यांनी स्वतःहून सोडलं, कुणी सांगायच्या आत. आणि त्याच सुमाराला ती हॉस्पिटलची बस बंद झाली होती. प्रवासी कमी म्हणून.

"उभी राहतेय मी," ताई म्हणाल्या.

"बसा ना ताई, खुर्ची आहे."

"अरे निवडणुकीला उभी राहतेय! अपक्ष."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. फाइल उघडून त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यांचं पत्रक. वर बसस्टॉपचा फोटो, ज्याच्या बाकड्याभोवती आता गवत आलंय, आणि खाली ठळक अक्षरांत चार ओळी. अक्षर इतकं मोठं, की वाचायला मला चष्मा काढावा लागला.

"मोठं छापून घेतलंय," त्या म्हणाल्या. "ज्यांना ही बस हवी ना, त्यातले निम्मे माझ्यासारखेच बघतात." मग म्हणाल्या, "मला निवडून यायचं नाहीये रे. येणारही नाही. पण उमेदवार असलं की चर्चच्या हॉलमधल्या सभेत पाच मिनिटं माइकवर बोलायला मिळतं. तिथे सगळे असतात. कौन्सिलला सहा पत्रं लिहिली मी. पत्राला उत्तर येतं, पण छापील. समोर बसलेल्या माणसाला छापील उत्तर देता येत नाही. पुढच्या वर्षी मला कितपत दिसेल कोण जाणे. आत्ता बोलते."

अडचण अशी झाली होती, की त्यांनी सकाळी अर्ज कौन्सिलात दाखवला, तर त्यांच्या अनुमोदक मैत्रिणीचं घर भलत्याच वॉर्डात निघालं. "रेडवेच्या पलीकडे घर आहे तिचं," ताई म्हणाल्या. "सायकलची लाल वाट ओलांडली की वॉर्ड बदलतो, हे मला काय स्वप्न पडलंय? सूचक पक्का आहे, माझा शेजारी, ऐंशी वर्षांचा. अनुमोदक याच वॉर्डातला हवा. चारच्या आत."

"माझ्याकडे आधीच का नाही आलात?"

"तुझ्या बागेत बोर्ड पाहिला. म्हटलं, हा तिकडचा झाला. मग दोन पाहिले. म्हटलं, हा अजून कुणाचाच नाही."

त्यांनी पेन पुढे केलं.

मला सही आठवली. आत्ता लिहिताना मुद्दाम स्पष्ट लिहितो: मला ती त्याच क्षणी आठवली. भिजलेला माणूस, मोज्याचं भोक, त्याचा प्रश्न, माझं 'छे छे'. सगळं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं:

"आधी चहा घेऊ."

आलं किसलं. दूध घातलं. चहा उकळेपर्यंत मनातल्या मनात वकिली केली. त्यानं कदाचित माझ्याऐवजी दुसऱ्याची सही घेतली असेल. कदाचित एवढं कुणी तपासत नसेल. कदाचित त्यानं अर्जच भरला नसेल. खरं म्हणजे मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: ताई, मी दुसऱ्याला सही दिलीय. पण ते बोललो असतो तर ताई माझ्याकडे बघणार होत्या. मंडळाच्या त्या वर्षी बघितलं होतं तसं. त्या पाच मिनिटांच्या शरमेला मी घाबरलो. चहात साखर घातली, दोन कप भरले.

वरून बायकोच्या बोलण्याचा आवाज येत होता. ताईंचा आवाज जन्माचा मोठा, बाळंतिणींना धीर देऊन देऊन कमावलेला. मी त्यांना म्हणालो, "ताई, जरा हळू. वर मीटिंग चाललीय."

"अगंबाई, हो का," म्हणून त्या कुजबुजत बोलायला लागल्या.

आणि मी सही केली.

तीन वाजता मीच त्यांना गाडीतून कौन्सिलच्या ऑफिसला घेऊन निघालो. टॅक्सीनं जाईन म्हणत होत्या. मी कसला जाऊ देतोय. आमच्या गावाचं एक बरं आहे, रस्ता चुकला तर पुढच्या राउंडअबाउटला पूर्ण वळसा घालून मागे फिरता येतं. दर वेळी मी ठरवत होतो, आता सांगतो आणि फिरवतो गाडी. शेजारी ताई सभेतली पाच मिनिटं पाठ करत होत्या. "लेडीज अँड जेंटलमेन, मी या गावात तुमची मुलं जन्माला घातली. म्हणजे तुमच्या बायकांनी घातली, मी नुसती ओरडत होते. कसं वाटतं? हसतील का?"

"हसतील, ताई."

"मग हसले की लगेच बसचा विषय काढते."

अकरा राउंडअबाउट मी सरळ पार केले.

गाडी लावायला जागा मिळेना. खिडकीशी पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. खिडकीतल्या मुलीनं ताईंना ओळखलं, सकाळी भेटलीच होती. हसून अर्ज घेतला, कॉम्प्युटरवर नावं पाहिली. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तिचं हसू मावळलं. फार हळुवारपणे तिनं सांगितलं, की अनुमोदकांची सही दुसऱ्या एका उमेदवाराच्या अर्जावर आहे. तो अर्ज आधी दाखल झालाय. त्यामुळे ही सही चालणार नाही.

ताई माझ्याकडे वळल्या. मधोमध दिसत नाही म्हणून त्या माणसाकडे जरा बाजूला बघून पाहतात. तशाच माझ्या कानाच्या बाजूला पाहत म्हणाल्या, "तू सही केली होतीस?"

"विसरलो, ताई," मी म्हणालो.

"असं झालं होय," त्या म्हणाल्या.

मला रागावायच्या ऐवजी त्यांनी किती वाजले ते विचारलं. मग त्या तिथल्या वेटिंगच्या खुर्च्यांकडे वळल्या आणि त्या बाळंतिणींना धीर देणाऱ्या आवाजात इंग्रजीत विचारलं, आमच्या एस्टेटमध्ये राहणारं इथे कुणी आहे का? पार्किंग परमिटसाठी आलेला एक माणूस, कडेवर मूल घेतलेली एक बाई, दोन म्हातारे. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. बाई म्हणाली, "माझी बहीण राहायची. आता नाही." ताई तिला थँक यू म्हणाल्या. खिडकीतली मुलगी चार वाजून जाईपर्यंत खिडकीशीच बसून राहिली; बिचारीनं घड्याळाकडे एकदाही मान वळवली नाही.

परतीच्या वाटेत ताईंनी पत्रकांचा गठ्ठा मांडीवर नीट लावून घेतला. दारात उतरताना म्हणाल्या, "चहात आलं छान होतं."

दोन दिवसांनी कौन्सिलनं उमेदवारांची यादी जाहीर केली. भिंतीवरही आणि वेबसाइटवरही. त्या तरुण उमेदवाराच्या नावासमोर अनुमोदक म्हणून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला. खाली अभिनंदनांची रांग. 'आपला माणूस आता राजकारणात!' 'पुढच्या वेळी स्वतः उभे राहा!' मग कुणालातरी ताईंचं कळलं आणि अभिनंदनं थांबली. मग मंडळी समजावायला लागली. होतं असं. विसरतो माणूस. तशाही ताई काही निवडून येणार नव्हत्या. मी प्रत्येकाला हो हो म्हटलं. बायकोलाही तेच सांगितलं, विसरलो. तिनं डोक्याला हात लावला आणि म्हणाली, "देवा, हा माणूस!" त्यात राग होता, पण मायाही होती. ती माया मी खोटं बोलून मिळवली होती, हे मला ठाऊक होतं.

चर्चच्या हॉलमधल्या सभेला मी मुद्दाम गेलो. ताई आल्या होत्या, दुसऱ्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर, मांडीवर तीच फाइल. उमेदवारांनी आपापली पाच-पाच मिनिटं घेतली. खड्डे, कचरा, नवी घरं. प्रश्नोत्तरांत ताईंनी हात वर केला. अध्यक्षांनी तीन प्रश्न घेतले, तिन्ही दुसऱ्यांचे, आणि वेळ संपली म्हणून आभार मानले. ताईंचा हात वरच होता. त्यांना समोरचं दिसत नव्हतं ना, अध्यक्ष आपल्याकडे बघतायत की नाही हे कळत नव्हतं; लोक उठायला लागले तेव्हाच त्यांनी हात खाली घेतला. मी मागच्या रांगेत होतो. वीस वर्षं मागच्या रांगेतून बोलतोय मी. त्या दिवशी आवाज फुटला नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये गेलो. दोरीला बांधलेली पेन्सिल हातात धरली आणि कागदावरची नावं दोनदा वाचली, जसं काही एखादं राहून गेलं असेल. फुली कुठे मारली ते सांगण्यासारखं नाही. तो तरुण निवडून आला. त्यानं आभाराचं कार्ड पाठवलं, त्यात चकलीचाही उल्लेख होता. चांगला माणूस आहे. बसचं त्याला मी अजून विचारलेलं नाही.

ताईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी नेईन, असं मी दोन-तीनदा फोनवर म्हणून पाहिलं. "नको रे," त्या म्हणतात, "तुझी कामं असतात." टॅक्सीनं जातात.

मग ऑक्टोबरात मंडळाची वार्षिक सभा झाली. रविवारची दुपार, शाळेचा हॉल, वडे, चटणी संपलेली. ठराव भराभर पास झाले, कारण बहुतेकांना माझं अनुमोदन होतं. शेवटी ताई उठल्या. म्हणाल्या, "माझी एक सूचना आहे. हॉस्पिटलला जायला ज्यांना गाडी नाही, त्यांच्यासाठी मंडळानं पाळ्या लावाव्यात. आठवड्याला एक माणूस, एक गाडी. बस येईल तेव्हा येईल."

शांतता पसरली. तीच, ओळखीची. आणि सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या.

मी हात वर केला. तोंड उघडलं. तेवढ्यात ताई हसून म्हणाल्या, "त्याचं नको बाई! त्यानं आधीच दुसऱ्या कुणाला देऊन ठेवलं असेल, आणि विसरला असेल!"

हॉल खदखदून हसला. मीही हसलो, हात जोडले, कान पकडल्यासारखं केलं. अनुमोदन पुढच्या रांगेतल्या एका नव्या मुलीनं दिलं, वर्षभरापूर्वीच पुण्याहून इथे नोकरीला आलेली. तिला जुनं काहीच ठाऊक नव्हतं. ठराव पास झाला. पाळ्यांच्या कागदावर मी पहिलं नाव माझं लिहिलं. ताई माझ्या कानाच्या बाजूला पाहत 'बरं' म्हणाल्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून घरी गेल्या.

परत येताना गाडीत बायको अजून हसत होती. "ताईंचं काही खरं नाही," म्हणाली. "बरोब्बर पकडलं तुला. विसरभोळा कुठला."

"मी विसरलो नव्हतो," मी म्हणालो.

"काय?"

"सही करताना मला पहिली सही आठवत होती. ताई समोर होत्या, पेन हातात होतं. सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून चहा केला."

एक राउंडअबाउट गेला, दुसरा गेला. मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिसरा राउंडअबाउट गेला. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"मी वरच होते," ती म्हणाली. "मीही मतदारच आहे या वॉर्डातली. नुसती एक हाक मारायची होतीस."